तळातली पाच लिटर

तीनशे हेक्टोलिटरची टाकी म्हणजे तीस हजार लिटर बिअर. व्हॉल्व्ह उघडला, पंप लावला की त्यातली पहिली एकोणतीस हजार लिटर आपसूक फिल्टरकडे जाते. तिथं फार काही करावं लागत नाही. माणूस लागतो तो शेवटच्या हजारासाठी. त्या हजारात बिअर असते, यीस्ट असतं, हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांचा, चिकटा असतो, आणि कुठं काय संपतं नि काय सुरू होतं हे टाकीवरच्या कुठल्याही काट्यात दिसत नाही. ते उभं राहून बघावं लागतं.

मी नोकरीभर हे काम केलं. औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, बिअरचे मोठे कारखाने आहेत. त्यांतल्या एकाच्या सेलरमध्ये, जिथं बिअर आंबते आणि मुरते त्या थंड विभागात, मी होतो. आता आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावी राहतो. वावरात कपाशी आणि तूर आहे, विहिरीच्या बाजूला संत्र्याची थोडी झाडं आहेत. वर्धा जिल्ह्यात अर्ध्या शतकापासून दारूबंदी आहे. गांधीजी सेवाग्रामला राहिले, विनोबा पवनारला राहिले, त्या वास्तव्याचा मान म्हणून ती आली आणि मी तो मान राखतो. तशीही परवान्याशिवाय घरी बिअर करायला महाराष्ट्रात कुठंच मुभा नाही. त्यामुळं इथं मी काही आंबवत नाही. पण जे काम इतकी वर्षं जीव लावून केलं, त्याचा विचार काही सुटत नाही. सुटू नये असंच मला वाटतं.

त्या विचाराला हल्ली निमित्त मिळतं ते पुतण्याचं. तो इंग्लंडात, लीड्सला असतो. ब्रिटनमध्ये १९६३ पासून घरच्यापुरती बिअर करायला परवाना लागत नाही. तिथल्या हौशी लोकांचा एक घाणा साधारण चाळीस पिंटांचा, म्हणजे तेवीस लिटरच्या आसपासचा असतो. झाकणाच्या मोठ्या बादलीत ती बिअर आंबवायची, बाटल्यांत भरायची आणि मित्रांना बोलवायचं. पुतण्यानं हे सगळं मन लावून शिकून घेतलंय. मागच्या थंडीत एका रविवारी त्याचा व्हिडिओ कॉल आला. मी ओसरीत तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो.

"काकाजी, तेवीस लिटर टाकली होती. अर्ध्या लिटरच्या छत्तीसच बाटल्या भरल्या. पाच लिटर गेली कुठी?"

त्याच्या आवाजात तक्रार होती, आणि ती मला आवडली. ज्याला गेलेल्या लिटरांची रुखरुख लागत नाही, त्यानं या वाटेला जाऊ नये. जव पेरणारा कोणी असतो, त्याला मोड आणून भट्टीत वाळवून माल्ट करणारा कोणी असतो, हॉप्सच्या वेली तारांवर चढवून त्याची फुलं खुडणारा कोणी असतो. या सगळ्यांची मेहनत मोरीत ओतणं बरं नाही. कारखान्यात तर राज्य उत्पादन शुल्काचे अधिकारी दारातच बसलेले असतात आणि किती केली, किती भरली, किती गेली याची नोंद होते. पण वहीत नोंद नसती, तरी मी तेवढाच जीव टाकला असता.

मी त्याला म्हटलं, आधी कॅमेरा बादलीत दाखव. रिकाम्या म्हणवलेल्या त्या बादलीच्या तळाशी चांगला चार बोटं थर होता. खाली मातकट पांढरं घट्ट यीस्ट, वर हिरवट चिखल, आणि मधूनमधून साचलेली बिअर. हॉप्स किती घातले होते? दीडशे ग्रॅम, गोळ्यांच्या रूपातले, मोकळेच सोडलेले. तिथंच लिटरभर तरी बिअर गेली. दाबून केलेल्या त्या गोळ्या भिजल्या की फुगतात आणि आपल्या वजनाच्या कित्येक पट बिअर धरून बसतात. आंबताना फेस झाकणापर्यंत येऊन झाकणातल्या, वायू सोडायच्या नळीतून बाहेर पडला होता, तो वेगळा. घनता मोजायला म्हणून (साखर आंबत जाते तशी ती उतरते) रोज शंभर-दीडशे मिली काढून घेतली होती आणि चाखून टाकून दिली होती, ती वेगळी. आणि सगळ्यात मोठा वाटा, ज्याची त्याला कल्पनाच नव्हती, तो घाईचा होता. आंबणं थांबलं त्या दिवशी त्यानं बादली जमिनीवरून उचलून टेबलावर ठेवली आणि लगेच बिअर ओढायची नळी लावली.

उचललेली बादली हलते. हललं की तळ उठतो. तळ उठला की नळीत गढूळ येऊ लागतं, माणूस नळी वर ओढतो आणि खाली दोन-तीन लिटर सोडून देतो. पाचांतली निम्मी अशी जाते.

इथं मला माझ्या मायची आठवण येते, आणि ती नुसती मायेपोटी येत नाही. आमच्या गावाला नळ यायच्या आधी पावसाळ्यात विहिरीचं पाणी गढूळ यायचं. कापसाच्या काळ्या मातीचे कण इतके बारीक असतात की रात्रभर ठेवलं तरी पाणी मळकटच राहतं. माय निवळीची बी घ्यायची. जंगलातल्या झाडाची ही बी, चपटी, गोल, बटणाएवढी. ओल्या पाट्यावर ती थोडी घासायची, बोटानं ते निपटून रांजणात सोडायचं, हात घालून एकदाच सावकाश फिरवायचं आणि झाकण टाकायचं. आम्ही पोरं झाकण उचलून बघायला गेलो की ती म्हणायची, "हात लावू नको त्याले. बसू दे." दुपारपर्यंत रांजणाच्या वरच्या अर्ध्या भागात आपलं तोंड दिसायचं. मग ती गडवा आडवा धरून त्याची कड पाण्याच्या जरा खाली न्यायची आणि वरचं पाणी आपोआप आत येऊ द्यायची. गडवा बुचकळून पाणी घेतलेलं तिला चालत नसे. तळातलं वीतभर पाणी ती प्यायला घ्यायचीच नाही, ते परसातल्या कढीपत्त्याला जायचं.

हे का होतं ते मला कारखान्यात गेल्यावर कळलं. मातीच्या बारीक कणांवर एकाच जातीचा विद्युतभार असतो. ते एकमेकांना ढकलत राहतात, म्हणून खाली बसत नाहीत. निवळीच्या बीतला चिकट पदार्थ त्यांना एकत्र बांधतो, गुठळी जड होते आणि तळाला जाते. बिअरमध्ये हेच काम वेगवेगळ्या गोष्टी करतात. वॉर्ट, म्हणजे माल्टचं गोड पाणी, उकळत असताना शेवटच्या दहा-पंधरा मिनिटांत आयरिश मॉस नावाचं समुद्री शेवाळ टाकतात. त्यानं प्रथिनं गोळा होतात. आंबून झाल्यावर यीस्ट खाली आणायला काही जण जिलेटिन टाकतात. जिलेटिन जनावरापासून येतं, पुतण्याच्या घरात ते चालत नाही. मला त्याची गरजही वाटत नाही. थंडी आणि सबुरी एवढ्यावर भागतं. बिअर शून्य ते चार अंशांवर दोन-तीन दिवस नुसती ठेवली, तरी यीस्ट तळाला जातं आणि तिथं घट्ट बसतं. मोकळा, फुगीर थर तीन लिटर जागा खात असेल, तर तोच दबल्यावर त्याच्या निम्म्यात मावतो. मधल्या फरकाची बिअर आपली झाली. लीड्सच्या जानेवारीत परसातली शेड रात्रभर चार-पाच अंशांवरच असते. त्यासाठी वेगळा फ्रीज घ्यायलाही नको.

एक काळजी मात्र घ्यायची. बिअर थंड झाली की आकसते आणि बादलीतली हवाही आकसते. झाकणातल्या नळीचं टोक पाण्यात बुडवलेलं असेल तर ते पाणी उलटं बिअरमध्ये ओढलं जातं, मोकळं असेल तर बाहेरची हवा आत जाते. तयार बिअरला हवा लागली की काही आठवड्यांत तिला ओल्या पुठ्ठ्याची चव येते. म्हणून थंडीत ठेवण्याआधी नळी काढून भोक घट्ट बंद करायचं. झाकण थोडं आत दबेल, दबू द्यावं.

यीस्टच्या जातीनंही फरक पडतो. एल नावाच्या जुन्या इंग्रजी बिअरचं यीस्ट पेशी पेशीला धरून गुठळ्या करतं आणि तळाशी थापल्यासारखं बसतं. त्यावरून बिअर शेवटपर्यंत ओढता येते. जर्मन गव्हाच्या बिअरचं यीस्ट तरंगतच राहतं. तिथं गढूळपणाच अपेक्षित असतो, भांडायचं कारण नाही. पुतण्यानं घेतलेलं यीस्ट मधल्या जातीचं होतं. त्याला चार दिवस जास्त दिले असते तर ते बसलं असतं. तळाच्या यीस्टवर जास्त दिवस राहिलं की बिअर नासते, अशी भीती घरी करणाऱ्यांमध्ये फार आहे. मोठ्या टाकीत हजारो लिटरचं वजन यीस्टवर असतं, तिथं ते लवकर काढावंच लागतं. घरच्या बादलीत तीन-चार आठवड्यांनी काही बिघडत नाही.

आता त्या शेवटच्या हजार लिटरबद्दल थोडं सांगतो, कारण माझं सगळं शिक्षण तिथं झालं.

आमच्या टाक्या उभ्या, खाली शंकूसारख्या निमुळत्या. यीस्ट त्या शंकूत जमतं. खालच्या पाइपावर काचेची एक खिडकी असते, साइट ग्लास. शंकूतलं यीस्ट काढताना एक हात व्हॉल्व्हवर ठेवायचा, दुसऱ्या हातानं काचेमागं टॉर्च धरायची. आधी काचेत काहीच हलताना दिसत नाही, नुसता घट्ट खरवसासारखा पिवळसर पांढरा रंग. मग त्यात एखादी पातळ रेघ येते आणि जाते. मग दोन रेघा येतात. मग रंग उजळतो, टॉर्चचा उजेड आरपार येऊ लागतो, आणि एका क्षणी काच सोनेरी होते. त्या क्षणी व्हॉल्व्ह बंद झालेला असला पाहिजे.

नवखा माणूस व्हॉल्व्ह भसकन उघडतो. मग होतं असं की मधोमध यीस्टला भोक पडतं, वरची बिअर त्या भोकातून सरळ खाली येते आणि यीस्ट शंकूच्या भिंतींना तसंच चिकटून राहतं. काच सोनेरी झाली म्हणून तो समजतो की यीस्ट संपलं. प्रत्यक्षात बिअर वाया गेली आणि यीस्ट टाकीतच राहिलं, म्हणजे दोन्ही बाजूंनी घाटा. व्हॉल्व्ह अगदी थोडा उघडावा, मधेच थांबावं, भिंतीवरचं यीस्ट घसरून खाली येऊ द्यावं, पुन्हा थोडा उघडावा. मोठ्या कारखान्यांत काढलेल्या यीस्टमधली बिअरसुद्धा दाबून किंवा सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून परत मिळवतात. पण ज्या माणसाचा हात सावकाश चालतो, त्याच्या पाळीत परत मिळवायला मुळात कमी उरतं.

बादलीला व्हॉल्व्ह आणि काच नसली तरी पुतण्याला मी हेच सांगितलं. बाटल्या भरायच्या आदल्या रात्रीच बादली उंचावर ठेव, म्हणजे उचलताना जे हललं ते रात्रीतून परत बसेल. बादलीखाली एका बाजूनं लाकडाची फाचर दे, पण ती आंबणं संपताना, थंडीत ठेवतानाच दे. मग साका खालच्या कोपऱ्यात जमेल. भरायच्या दिवशी नळी वरच्या बाजूला, भिंतीलगत धर. नळीच्या टोकाला जी छोटी टोपी येते ती लावच. ती असली की बिअर तळातून न ओढता वरून ओढली जाते. सुरुवातीला नळी मधल्या उंचीवर, मग पातळीबरोबर खाली. आणि शेवटची चार लिटर उरली की चिमट्यानं नळी थोडी दाबून धार बारीक कर. वेगानं ओढलं की तळ उठतो, सावकाश ओढलं की तो जागचा हलत नाही.

"आणि मग जे उरते ते कपड्यातून गाळून घेतलं तर?" त्यानं विचारलं.

नाही. इथं मी ठाम आहे. फडक्यातून गाळताना बिअर थेंबाथेंबानं हवेतून पडते. त्यातून अर्धा लिटर मिळेल, पण ती बाकीच्यात मिसळली तर सगळ्या घाण्याला पुठ्ठ्याची चव लागायची भीती. शिवाय यीस्ट फडक्यातून आरामात पलीकडं जातं, अडकतो तो हॉप्सचा चिखल. त्यापेक्षा तळातलं सगळं स्वच्छ केलेल्या एका उभट काचेच्या बाटलीत ओतावं, झाकण सैल ठेवून फ्रीजमध्ये उभं करावं. दोन दिवसांनी वर स्वच्छ बिअर येते. ती बाटल्यांत भरायची नाही. घनता बघायला, चव बघायला, त्याच संध्याकाळी प्यायला ती करणाऱ्याची. घनतेसाठी रोज काढायचीही गरज नाही. एकदा सुरुवातीला, मग आंबणं संपलंसं वाटेल तेव्हा, आणि दोन-तीन दिवसांनी परत. आकडा हलला नाही तर झालं.

याच्यापुढं जाऊन थेंब न् थेंब काढायचा हट्ट मला मान्य नाही. दर बाटलीत बोटभर साका आला, तर बिअर मोजायला जास्त भरते पण पेल्यात ती कमीच उतरते, कारण पिणारा तेवढी बाटलीतच सोडतो. बादलीत टाकलेला गाळ आणि छत्तीस बाटल्यांत वाटलेला गाळ यांत वाचलं काहीच नाही.

आणि तळात जे राहतं त्याला मी वाया गेलेलं म्हणत नाही. ते यीस्ट जिवंत आहे. १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हॅन्सन यांनी एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवून दाखवलं. तेव्हापासून कारखान्यांना आपलं यीस्ट ओळखून, जपून, घाण्यामागून घाणा वापरता येऊ लागलं. पुतण्याच्या बादलीत हॉप्सचा चिखल मिसळला नसता, तर त्या तळातलं निम्मं यीस्ट काचेच्या स्वच्छ बरणीत फ्रीजमध्ये ठेवून पंधरा दिवसांच्या आत पुढचा घाणा लावता आला असता. म्हणून हॉप्स जाळीच्या पिशवीत, आत स्टीलचं वजन टाकून सोडावेत आणि शेवटी पिशवी वर काढून निथळू द्यावी. बिअरही सुटते आणि यीस्टही स्वच्छ राहतं.

माल्टच्या चोथ्याचंही तसंच. आमच्या कारखान्याच्या गेटवर दुधाचा धंदा करणाऱ्यांच्या ट्रॉल्या लागायच्या. वाफाळता ओला चोथा भरून जायचा आणि म्हशींपुढं पडायचा. त्यात प्रथिनं भरपूर असतात. इथं गावात मी गोठ्यात कुटार आणि ढेप कालवताना तो वास आठवतो, भाजलेल्या जवाचा, गोडसर. गुरांना तो किती आवडायचा हे ट्रॉलीवाले सांगायचे. पुतण्या त्याचा चोथा शेजारणीच्या कोंबड्यांना देतो म्हणाला. मला बरं वाटलं.

पण खरी पाच लिटर वाचतात ती तळाशी नाही, सुरुवातीला. हे घरी करणाऱ्यांना पटवायला वेळ लागतो. ते आपला सगळा जीव शेवटच्या दिवशी नळीच्या टोकाला लावतात. मी पुतण्याला वही घ्यायला लावली आणि उलटीकडून मोजायला सांगितलं. बाटल्यांत तेवीस लिटर हवी. तळाला, नीट बसलेल्या साक्यात, दीड लिटर राहणारच. नमुन्यांना अर्धा. म्हणजे बादलीत पंचवीस गेली पाहिजे. बादली तीस लिटरची, वर पाच लिटर जागा फेसाला राहते, म्हणजे नळीतून उतू जाणंही कमी. उकळायच्या भांड्यात प्रथिनांचा आणि हॉप्सचा गाळ दीड लिटर, म्हणजे थंड झालेलं साडेसव्वीस. उकळतं पाणी थंड होताना शेकडा चार आकसतं, म्हणून गरम असताना साडेसत्तावीसच्या थोडं वर. तासभर उकळताना त्याच्या भांड्यातून साडेतीन लिटर वाफ होते, त्यानं मोजून बघितली होती. म्हणजे उकळायला एकतीस. साडेपाच किलो माल्ट किलोमागं लिटरभर पाणी धरून ठेवतं. तर सुरुवातीला साडेछत्तीस लिटर पाणी.

माल्टही त्याच प्रमाणात थोडं वाढवावं लागेल, नुसतं पाणी वाढवलं तर बिअर पातळ होईल. माल्ट पिशवीत भिजवत असेल तर ती पिशवी निथळू द्यावी आणि हातानं दाबलीही तरी चालते. दाबल्यानं तुरटपणा येतो असं म्हणतात. माझ्या मते तुरटपणा दाबल्यानं येत नाही, भिजलेलं माल्ट धुवायचं पाणी सत्त्याहत्तर अंशांच्या वर गेलं आणि त्याची आम्लता कमी झाली की येतो. वरून धुवायचं पाणी पंचाहत्तरच्या आसपास ठेवलं की जवातली साखर निघते आणि साल आपलं तुरट धरून ठेवते.

"साडेछत्तीस?" पुतण्या म्हणाला. "आणि मिळणार तेवीस?"

हो. तेरा-साडेतेरा लिटर जातं, पण त्यातलं बहुतेक पाणी आहे. काही वाफ होऊन जातं, काही चोथ्याबरोबर कोंबड्यांकडं. बिअर म्हणून जी तयार होते, त्यातली फक्त दोन लिटर बाजूला राहते, आणि त्यातलीही काही बरणीतल्या यीस्टवर पुढच्या घाण्याची वाट बघते.

त्याचं भांडं पस्तीस लिटरचं निघालं. सगळं पाणी एकदम मावणार नाही. मग आधी पंचवीस लिटरमध्ये माल्ट भिजवायचं, उरलेलं साडेअकरा लिटर दुसऱ्या गंजात तापवून वरून धुवायला वापरायचं, असं ठरलं. त्याच्या बायकोचा पुरणपोळीसाठी डाळ शिजवायचा मोठा गंज तिथं आहे, तो तिला विचारून घे, असं मी सांगितलं. फेब्रुवारीच्या पहिल्या शनिवारसाठी त्यानं माल्ट मागवलं, आणि फाचरीसाठी लाकूड त्याला शेडमध्येच मिळालं.